मिटलेली टिपणे

लेखन म्हणजे स्फूर्ती, असे आपण शाळेतल्या निबंधापासून लिहीत आलो. पण दहा माणसांचे बोलणे ज्याने टिपून घेतले आहे, त्याला स्फूर्तीपेक्षा मांडणीची काळजी अधिक असते.

सास्तूरच्या वडीलधाऱ्यांकडून मी ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेच्या आठवणी लिहून घेत आहे. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती बोळवून गाव झोपले होते. चारच्या सुमारास भूकंप झाला आणि दगडमातीच्या जाड भिंती झोपलेल्यांवर कोसळल्या. जुने सास्तूर आमच्या पिढीने पाहिलेले नाही. ऐकले आहे, तेही तुकड्यातुकड्यांनी.

वहीत ते तुकडे जुळेनात, म्हणून संगणकावर ईमॅक्समधला ऑर्ग मोड शिकले. कार्स्टन डॉमिनिक या खगोलशास्त्रज्ञाने तो २००३ साली तयार केला. ओळीच्या आरंभी एक तारका दिली की मथळा, दोन दिल्या की पोटमथळा. मथळ्यावर टॅब दाबली की खालचा मजकूर मिटतो आणि तीन टिंबे उरतात. पुन्हा दाबली की उलगडतो. ऑल्ट धरून बाण दाबला की अख्खा भाग वर-खाली सरकतो.

मांडणीची ही धडपड मराठीला नवी नाही. तेराव्या शतकात म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या आठवणी माणसांकडून गोळा केल्या. ‘लीळाचरित्रा’त त्या एकांक, पूर्वार्ध, उत्तरार्ध अशा लावलेल्या आपण अभ्यासतो.

एकदा मी सारे मिटवून नुसते मथळे वाचले: गणपती, पहाट, ढिगारा, पत्र्याचे शेड, नवे घर. मग एकेक उलगडला. शेडविषयी पाने भरली होती. ढिगाऱ्याखाली कोणाच्याही दोन ओळींपलीकडे काही नव्हते. पसरलेल्या मजकुरात हे मौन दिसले नव्हते.

‘आप्पा’ या मथळ्याखाली तर काहीच नाही. वडिलांना विचारले तेव्हा ते एवढेच म्हणाले, “तू लिही की. माझं राहू दे.” तिथे टॅब दाबली की नोंद रिकामी असल्याचा इंग्रजी शेरा पडद्याच्या तळाशी येतो. यंत्राला रिकामे आणि मिटलेले यांतला फरक मजकुरावरूनच कळतो. घरात राहणाऱ्याला तो न लिहिताही कळतो.

तो मथळा मी पुसणार नाही. भरण्याची घाईही करणार नाही. उलगडायचे की नाही, हे आप्पांनी ठरवायचे.