कपातीचा रकाना

पगारपत्रकाच्या उजव्या अंगाला कपातीचा रकाना असतो. भविष्य निर्वाह निधी, गट विमा, व्यवसाय कर आणि त्यांच्या खाली पतपेढी. नव्याने लागलेल्या मुलामुलींचं लक्ष आधी तिथेच जातं आणि हातात किती कमी आले याचा हिशोब सुरू होतो. माझी सगळी नोकरी पुणे विद्यापीठाच्या परीक्षा विभागात झाली. माझ्यावर कुणाचं किती ऋण आहे हे सांगायचं तर मला त्या रकान्यापासूनच सुरुवात करावी लागते. माझं शिक्षण, धाकट्या भावाची पदविका, आईच्या डोक्यावरचं छप्पर, हे सगळं दर महिन्याला कुणाकुणाच्या पगारातून कापल्या गेलेल्या पैशांवर उभं राहिलं. ते पैसे आमच्या दारापर्यंत आणून पोचवणारा माणूस मात्र एकच होता. सगळं विद्यापीठ त्यांना आण्णा म्हणायचं.

आण्णा आस्थापना विभागात वरिष्ठ सहायक होते आणि वर्षानुवर्षं सेवकांच्या पतपेढीचे मानद सचिव. गणेशखिंडीतली मुख्य इमारत म्हणजे एके काळी मुंबईच्या गव्हर्नरांचा पावसाळ्यातला मुक्काम. १९४९ मध्ये तिथे विद्यापीठ सुरू झालं, बॅरिस्टर जयकर पहिले कुलगुरू झाले, हा इतिहास पाहुण्यांना आवर्जून सांगितला जातो. त्याच आवारात उत्तरपत्रिकांचे गठ्ठे वाहणारे, गुणपत्रिका तपासून देणारे, प्रयोगशाळेतल्या काचा धुणारे, वसतिगृहांचं पाणी सोडणारे शेकडो लोक रोज कामाला येत. त्यांच्या रजा, बढत्या, निवृत्ती सगळं १९८४ च्या प्रमाण संहितेत लिहिलेलं होतं. ती संहिता चाळलेली माणसं थोडी, आणि समजावून सांगणारी त्याहून थोडी. आण्णांकडे एक लांबट वही असे. कुणाची निवृत्ती कधी, कुणाचा रक्तगट कोणता, कुणाचं मूल यंदा दहावीला, कुणाची अर्धपगारी रजा किती शिल्लक, आणि लाल शाईत, कुणी अजून नामनिर्देशन केलेलं नाही. व्हरांड्यात भेटले की नमस्काराच्या आधी प्रश्न येई, "नामनिर्देशन केलंस का रे?"

या प्रश्नाने आमचं घर वाचलं. माझे वडील, आम्ही त्यांना दादा म्हणायचो, एका विज्ञान विभागात शिपाई होते. नोकरीला लागले तेव्हा लग्न झालेलं नव्हतं, म्हणून सगळ्या कागदांवर माझ्या आजीचं नाव होतं. आजी गेली, आम्ही दोघं झालो, तरी कागद तसेच. एकदा जेवणाच्या सुट्टीत आण्णा स्वतः विभागात गेले, दादांना बाकावर बसवून भविष्य निर्वाह निधीचा, उपदानाचा आणि गट विम्याचा असे तिन्ही अर्ज आईच्या नावाने नव्याने भरून घेतले आणि सेवापुस्तकात नोंद करून टाकली. त्यानंतर काही महिन्यांतच दादा हृदयविकाराने गेले. मी बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला, भाऊ दहावीला, आई जेमतेम सही करणारी. नावं जुनीच राहिली असती तर आम्हाला उत्तराधिकार प्रमाणपत्रासाठी कोर्टात जावं लागलं असतं. वकील, तारखा, आणि तोवर खायचं काय?

तेराव्यानंतर आण्णा घरी आले. चहा घेतला नाही. आईला म्हणाले, "वहिनी, मी बोलतो ते पोरीला लिहून घेऊ द्या." आणि एकेक करून सांगत गेले. निवृत्तिवेतन कुटुंबाला मिळतं, पहिली सात वर्षं वाढीव दराने. उपदान वेगळं. न उपभोगलेल्या अर्जित रजेचे पैसे वेगळे. गट विम्याची रक्कम वेगळी, त्यात बचतीचा एक भाग असतो तोही मागायचा. प्रत्येकासाठी कागद कोणता, तो कुठे मिळतो, किती प्रती लागतात. अनुकंपा नियुक्तीचा अर्ज माझ्या नावाने लगेच टाकायचा, पदवी पूर्ण होण्याची वाट बघायची नाही, पण शिक्षणही सोडायचं नाही. मी शाळेच्या वहीच्या मागच्या पानांवर ते लिहून घेतलं. आई शेवटी घाबरत घाबरत म्हणाली, "आणि पतपेढीचं कर्ज? जामीनदार काय म्हणतील?" दादांनी गावच्या घराच्या दुरुस्तीसाठी कर्ज काढलं होतं आणि त्यांच्याच विभागातले दोघं जामीन राहिले होते. त्या दोघांना तोंड कसं दाखवायचं याचा घोर तिला लागला होता.

आण्णांनी सांगितलं की ते कर्ज फिटलं. पतपेढीत सभासदांचा एक कर्जनिवारण निधी होता. प्रत्येकाच्या पगारातून दरमहा थोडे रुपये त्यात जात, आणि सेवेत असताना सभासद वारला की त्याचं उरलेलं कर्ज त्यातून भरलं जाई. हा निधी सुरू करायला वार्षिक सभेत विरोध झाला होता, हे मला पुष्कळ पुढे समजलं. आमच्या घरी कुणी मरायचंय का, असं लोक तेव्हा म्हणाले होते. आण्णा लागोपाठ सभांमधून तोच ठराव मांडत राहिले आणि अखेर तो मंजूर करून घेतला. त्या मंजुरीत हात वर करणाऱ्यांत दादाही असणार. आमच्यावर उपकार कुणा एकाने केले नाहीत. सहाशे-सातशे घरांनी, आमची तोंडओळखही नसताना, आमचं कर्ज आधीच वाटून घेतलं होतं.

नोकरीला लागल्यावर मीही सभासद झाले आणि पुढे पतपेढीच्या कामात आण्णांच्या हाताखाली बसू लागले. पगारदारांची पतपेढी कशावर चालते ते तिथे उमजलं. सहकार कायद्याच्या कलम ४९ प्रमाणे सभासदाने लिहून दिलं की हप्ता पगारातून परस्पर कापून देणं मालकावर बंधनकारक होतं; त्यामुळे वसुलीला कुणाच्या दारात उभं राहावं लागत नाही. लाभांश कायद्यानेच १५ टक्क्यांच्या वर देता येत नाही. पण सगळं शेवटी जामीनदाराच्या सहीवर येऊन ठरतं. शेजारच्या टेबलावरचा माणूस सही करतो म्हणजे तो तुमचं घर, तुमचं वागणं, तुमची अडचण ओळखतो. बँकेच्या खिडकीत ही ओळख मिळत नाही. भावाच्या पदविकेची फी भरायला मी पहिलं कर्ज घेतलं, तेव्हा दादांच्या त्याच दोन जामीनदारांपैकी एकाने आपणहून सही केली.

आता एक गोष्ट सांगते, जिच्यासाठी मी आण्णांना सगळ्यांत जास्त मानते. आमच्याकडे अभिलेख कक्षात एक गृहस्थ होते. कामाला चोख, हस्ताक्षर छापल्यासारखं. त्यांचे आकस्मिक कर्जाचे अर्ज पाठोपाठ यायला लागले. कारण कधी मुलीचं आजारपण, कधी गावची जमीन. तिसरा अर्ज आला तेव्हा आण्णांनी तो बाजूला ठेवला आणि म्हणाले, "उद्या वहिनींना घेऊन ये, मग बघू." दुसऱ्या दिवशी त्या आल्या. मुलगी ठणठणीत होती, जमीन नव्हतीच. पगार घरी पोचतच नव्हता. नवरा दारूत बुडाला होता आणि सकाळी दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून कामावर येत होता.

अशा वेळी कार्यालयांत काय होतं ते मी पाहिलेलं आहे. एकतर सगळे पांघरूण घालतात किंवा कारणे दाखवा नोटीस निघते. आण्णांनी दोन्ही केलं नाही. येरवड्याला मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र आहे. १९८६ मध्ये डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी ते सुरू केलं, त्यामागे पु. ल. आणि सुनीताबाई देशपांड्यांचं पाठबळ होतं. तिथला उपचार ३५ दिवसांचा. आण्णांनी वही उघडली, त्या गृहस्थांची अर्धपगारी रजा मोजली, वैद्यकीय प्रमाणपत्रावर ती परिवर्तित करून पूर्ण पगारी ३५ दिवस बसवले. त्यासाठी अर्धपगारी ७० दिवस खर्ची पडतात, तेवढे शिल्लक होते. विभागात सांगितलं, आजारी आहेत. ते खरंही होतं. मग स्वतःच्या स्कूटरवर मागे बसवून त्यांना येरवड्याला सोडून आले. त्या महिन्याचा पगार, त्यांच्याच लेखी संमतीने, पत्नीच्या हातात पडेल अशी व्यवस्था केली.

ते परत आल्यावरचं काम अधिक अवघड होतं, आणि ते आम्हा सगळ्यांना करावं लागलं. परीक्षांचे निकाल लागले की आमच्याकडे दर वर्षी सहल निघायची. भीमाशंकर, कधी मुरूड, कधी औदुंबर-नरसोबाची वाडी. बसच्या मागच्या सीटवर काय चालायचं ते सर्वांना माहीत होतं. वर्षभर मान मोडून काम केल्यावर तेवढी मोकळीक पुरुषमंडळींना हक्काची वाटायची. आण्णांनी त्या वर्षी चार जणांना बाजूला घेऊन सांगितलं, की यंदा बस कोरडी जाईल. कुरकुर झाली, काहींनी नावं काढून घेतली. बस मात्र भरली, कारण कधी न येणाऱ्या आमच्यासारख्या बायका पहिल्यांदाच मुलाबाळांना घेऊन आल्या. ते गृहस्थही आले, पत्नीसह. रात्री वाडीच्या घाटावर त्यांनी भजन म्हटलं. आवाज एवढा सुरेख आहे हे आम्हाला कुणालाच ठाऊक नव्हतं. पुढे ते दर आठवड्याला पाठपुराव्याला येरवड्याला जात राहिले, आणि निवृत्तीपर्यंत त्यांची नोकरी अखंड झाली. हल्ली कर्मचाऱ्यांच्या मानसिक आरोग्यावर व्याख्यानं होतात, मीही बसते ऐकायला. पण एका माणसासाठी अख्ख्या विभागाने आपली सहल बदलली, त्याची सर मला कशालाच येताना दिसत नाही.

बाकी उपक्रम होतेच. गुणवंत मुलांचे सत्कार, संक्रांतीचं हळदीकुंकू, ज्यात आम्ही विधवांनाही बोलवायला सुरुवात केली (माझी आई पहिल्या वर्षी दारातच थांबली होती, आण्णांच्या पत्नीने हाताला धरून आत आणलं), कॅरमच्या स्पर्धा, रक्तदान. माझ्या बाळंतपणात प्रसूती रजा ९० दिवसांचीच होती, आणि नेमका निकालांचा हंगाम. माझ्या टेबलावरचं काम तिघींनी वाटून घेतलं. २००९ मध्ये राज्याने ती रजा १८० दिवस केली, २०१८ मध्ये १८० दिवसांची बालसंगोपन रजाही आली. आमच्या नंतरच्या मुलींना ते मिळतं याचा मला मनापासून आनंद आहे.

आनंदाबरोबर एक काळजीही आहे. १ नोव्हेंबर २००५ रोजी किंवा त्यानंतर लागलेल्यांना जुनं निवृत्तिवेतन उरलं नाही. त्यासाठी मार्च २०२३ मध्ये राज्यभर संप झाला, तेव्हा निवृत्त असूनही मी मोर्चात चालले. आणि त्यांच्याही पलीकडे, राज्यातल्या विद्यापीठांत, महाविद्यालयांत आज झाडलोटीपासून संगणकापर्यंत कितीतरी कामं ठेकेदाराच्या माणसांकडे आहेत. पगारदारांच्या पतपेढ्यांचे पोटनियम जुने, त्यात सभासद म्हणजे कायम सेवक. ही मंडळी आमच्याच पंगतीला जेवतात, कर्जाला मात्र सावकाराकडे जातात.

मागच्या वर्षी एका सफाई कामगार बाईंचा नवरा वारला. तोही एका ठेकेदाराकडे रखवालदार होता. बाई मला म्हणाल्या, "ताई, आम्हाला काय मिळणार? आम्ही ठेक्यावरचे." मी त्याच्या जुन्या पगारचिठ्ठ्या मागून घेतल्या. भविष्य निधीची कपात होत होती, यूएएन क्रमांक होता. म्हणजे भविष्य निधीशी जोडलेला ईडीएलआय विमा होताच. त्याचा हप्ता मालक भरतो, कामगाराच्या पगारातून एक पैसा जात नाही, म्हणून तो आहे हेच कुणाला माहीत नसतं. वारसाला त्यातून कमाल ७ लाखांपर्यंत रक्कम मिळते. भविष्य निधीसाठी नमुना २०, विधवा निवृत्तिवेतनासाठी १० डी, विम्यासाठी ५ आयएफ. तिन्ही अर्ज आम्ही माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर भरले. बाईंच्या मुलीला मी लिहून घ्यायला लावलं, कारण पुढच्या वेळी वस्तीत तिलाच हे सांगता यायला हवं. पैसे जमा झाले, निवृत्तिवेतनही सुरू झालं.

आता पतपेढीच्या तरुण सचिवांनी पोटनियम दुरुस्तीचा मसुदा केला आहे, की आवारात काम करणाऱ्या ठेक्यावरच्या कामगारांनाही लहान कर्जापुरतं आणि कर्जनिवारण निधीपुरतं सभासद करून घ्यावं. हप्त्याच्या वसुलीचं काय, असा प्रश्न विचारणारे आहेत आणि तो प्रश्न रास्त आहे. ठेकेदार बदलला की कपात थांबते. त्यावर बँकेतून परस्पर हप्ता जाण्याची सोय मसुद्यात घातली आहे. ठरावाला हजर सभासदांची दोन तृतीयांश मतं लागतील, मग उपनिबंधकांची मंजुरी. मला आता मत नाही, पण फोन करायला मताची गरज नसते. परीक्षा विभाग आणि वसतिगृहांतून होकार आले आहेत. लेखा विभागातल्यांशी या आठवड्यात बोलायचं आहे.