तिघांची वाट
जुना खेळ नव्याने घडवताना नेमके काय जपावे, हा विचार ‘ट्राइन’पाशी येऊन माझ्या मनात रेंगाळतो. फिनलंडच्या फ्रोझनबाइट कंपनीचा 2009 सालचा हा व्हिडिओ गेम 2014 मध्ये ‘एन्चँटेड एडिशन’ म्हणून पुन्हा आला. चित्रे उजळली, हे खरेच. पण मला मोलाचे वाटते ते हे, की पूर्वी एकाच पडद्यासमोर बसावे लागणारे तिघे खेळाडू आता इंटरनेटवरून दूर राहूनही एकत्र खेळू शकतात. शेजारी बसण्यातली ऊब यात हरवते, हा आक्षेप मला मान्य आहे. तरीही खेळातल्या तिघांपैकी जादूगाराने शून्यातून उभी केलेली पेटी पाहा : तिच्यावर चढून चोर तरुणी वर पोहोचते, सरदार ढालीने मारा अडवतो. ती पेटी अंतर मोजत नाही. कोणासाठी तरी ती वेळेवर ठेवावी लागते. म्हणून हे नूतनीकरण मला सार्थ वाटते.