खोट्या पोथीला लागणारा खरा कान

धर्मग्रंथाच्या भाषेची नक्कल करून हसविणे हा इंग्रजी विनोदाचा एक जुना आणि भरवशाचा मार्ग आहे. त्या भाषेला १६११ साली राजा जेम्सच्या आज्ञेने सिद्ध झालेले बायबल लाभले. त्यातील पुष्कळशी शब्दकळा विल्यम टिंडेलच्या १५२६ च्या भाषांतरातून उतरलेली असल्यामुळे, ते छापून आले तेव्हाच त्याची भाषा किंचित जुनी भासत होती. पुढे शतकानुशतके दर रविवारी ती कानांवर पडत राहिली. परिणामी, ज्याने आयुष्यात चर्चची पायरी चढलेली नाही असा इंग्रजही तो सूर दोन शब्दांत ओळखतो.

मॉन्टी पायथन या ब्रिटिश विनोदी चमूने १९७५ साली आर्थर राजाच्या कथेवर चित्रपट काढला. त्यात एका महाभयंकर सशाला मारण्यासाठी 'पवित्र हातबाँब' आणला जातो. तो वापरावा कसा, हे कोणालाच ठाऊक नसते. मग एक मठवासी 'शस्त्रास्त्रांचा ग्रंथ' उघडून त्यातील दुसऱ्या अध्यायाचे गंभीरपणे वाचन करू लागतो. तीन अंक मोजून बाँब फेकावा, एवढीच काय ती सूचना. परंतु तीनच का मोजावे, दोनवर थांबू नये, चारपर्यंत जाऊ नये, याचा घोळ धर्मवचनाच्या थाटात इतका लांबतो की ऐकणाऱ्याची मुरकुंडी वळते. एवढे निरूपण ऐकूनही राजा मोजताना चुकतोच! येथे हसू कोणत्या श्रद्धेचे नाही. एका क्षुल्लक मजकुराने एवढा भरजरी अंगरखा चढविला, त्याचे आहे.

हा प्रसंग मराठीत आणून पाहावा, अशी हौस मला मध्यंतरी झाली. पहिला अडसर सर्वनामाचा. इंग्रजीतील जुने एकवचनी संबोधन व्यवहारातून गेले आणि प्रार्थनेत उरले. म्हणून ते उच्चारताच भाषा उंच आसनावर जाऊन बसते. आपला 'तू' मात्र आईलाही चालतो, विठ्ठलालाही चालतो. त्याला उंची कशी आणावी? दुसरा अडसर 'आणि'चा. हिब्रू कथनाची वाक्यामागून वाक्य उभयान्वयी अव्ययाने जोडण्याची रीत इंग्रजी बायबलात उतरली आणि तीच त्याची ओळख झाली. मराठीत तसे केले, तर धर्मग्रंथ आठवत नाही. शाळकरी मुलाचा निबंध आठवतो.

मराठीत बायबल नाही असे मुळीच नाही. श्रीरामपूरहून मत्तयाचे शुभवर्तमान १८०५ सालीच मराठीत छापले गेले. पंडिता रमाबाईंनी सामान्य स्त्रियांनाही समजावे म्हणून मूळ भाषा अभ्यासून अवघ्या बायबलाचे सोपे मराठी केले. 'यमुनापर्यटन' लिहिणारे बाबा पद्मनजी तर आमच्या बेळगावात जन्मले. 'शुभवर्तमान', 'खचीत' असल्या शब्दांचा सूर मराठी ख्रिस्ती घरांत पिढ्यान्‌पिढ्या रुजलेला आहे. परंतु तो सर्व मराठी भाषकांचा सामाईक सूर झाला नाही, आणि जो सूर श्रोत्याच्या कानात आधीच वाजत नाही, त्याचे विडंबन करता येत नाही.

ही गोष्ट फादर थॉमस स्टीफन्स यांनी चार शतकांपूर्वीच ओळखली होती. हा इंग्रज धर्मगुरू १५७९ साली गोव्यात आला. त्याचे 'क्रिस्तपुराण' १६१६ साली राचोल येथे छापले गेले. म्हणजे राजा जेम्सच्या बायबलानंतर अवघ्या पाच वर्षांनी. त्याने मूळ बायबलाची वाक्यरचना मराठीत ओढून आणली नाही. त्याने ओवी घेतली, पुराणाचा घाट घेतला आणि सुमारे अकरा हजार ओव्या रचल्या. आपला मजकूर पवित्र वाटायला हवा असेल, तर तो येथील लोकांच्या पोथीच्या चालीवरच गेला पाहिजे, हे त्याने जाणले. त्याचा हेतू गंभीर होता, पायथनवाल्यांचा थट्टेचा. पण भांडवल दोघांचे एकच, श्रोत्याच्या कानात साठलेला सूर.

तेव्हा मीही बायबल बाजूला ठेवले आणि पोथीकडे वळलो. हातबाँबही सोडून दिला. आमच्या भागात त्याहून अवघड शस्त्र म्हणजे अर्ज. एका सरकारी कचेरीत मराठीतून दिलेल्या अर्जाची जी गत झाली, तिच्यावर मी 'अर्जमाहात्म्य' रचले. त्यातील तीन ओव्या अशा :

ऐका श्रोते सावधान । खिडकी चौथी महास्थान ।
तेथें कारकून विराजमान । चष्मा पुसीत ॥

अर्ज लिहिला मायबोलीं । तो गेला टेबलाखालीं ।
वाट पाहतां सरलीं । वर्षें बारा ॥

जो हें नित्य करी पठण । त्याचा अर्ज न ये परतोन ।
कीं तो पुढें गेलाचि नाहीं म्हणोन । जाणिजे सुज्ञीं ॥

आमच्या एका घरगुती बैठकीत मी हे पोथीच्या चालीवर वाचले. पन्नाशीपुढील मंडळी पहिल्याच चरणाला हसू लागली. फलश्रुती येताच एका आजोबांनी खिडकीला हात जोडल्याचा अभिनय केला. मागे बसलेली तरुण मुले मात्र सभ्यपणे स्मित करीत होती. अर्थ त्यांना कळला होता. दुसऱ्या माध्यमात शिकलेली असली, तरी घरी ती मराठीच बोलतात. एका मुलीने विचारले, "काका, बाराच वर्षं का? दहा का नाहीत?" बारा वर्षांचे एक तप, हे सांगितल्यावर तिला हसू आले, पण ते समजावणीनंतरचे हसू होते. पोथी तिने कधी ऐकलीच नव्हती. तिच्या घरी सत्यनारायणाची कथादेखील आता भ्रमणध्वनीवर लावतात आणि स्वयंपाकघरात भांडी वाजत राहतात.

सीमाभागातील मराठीची मोजदाद आपण शाळा, फलक आणि कागदपत्रे यांवरून करतो. ती केलीच पाहिजे. पण इंदूर, बडोदे, हैदराबाद येथील वाचकांनी आपल्या घरातील पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांना एखादी खोटी फलश्रुती ऐकवून पाहावी, अशी माझी विनंती आहे. मूल समजावण्याआधी हसते की नंतर, एवढेच पाहावे.

याच संदर्भात कर्ट व्हॉनेगट या अमेरिकी लेखकाच्या 'कॅट्स क्रेडल' या १९६३ च्या कादंबरीची आठवण होते. त्याने सान लोरेन्झो हे बेट कल्पिले, तेथे बोकोनन नावाचा संत निर्मिला आणि त्याचे धर्मग्रंथही रचले. हे सारे खोटे आहे, असे तो धर्मग्रंथच प्रारंभी बजावतो! त्यात 'ग्रॅनफलून' असा एक शब्द येतो. एकत्र असल्याचा ज्यांचा अभिमान पोकळ असतो, अशा समूहाला तो लावतात. व्हॉनेगटने राष्ट्रांनाही त्यातून वगळले नाही. आम्हा भाषिक कार्यकर्त्यांना हा शब्द बोचतो, आणि बोचावाच. केवळ जनगणनेच्या रकान्यापुरते जे मराठी आहेत, ते ग्रॅनफलूनच ठरतील. मात्र एका ओवीचा चौथा, आखूड चरण येण्याआधीच ज्यांच्या ओठांवर हसू उमटते, त्यांना हा शब्द लागू पडतो असे मला वाटत नाही.

आणि हा कान रक्तातून येतो, असेही कोणी समजू नये. 'गुरुचरित्र'कार सरस्वती गंगाधर यांची मातृभाषा कन्नड होती, असे मानले जाते. त्या ग्रंथातील गाणगापूर आज कर्नाटकातच आहे, आणि सप्ताहात मराठी घरे पारायण करतात ते याच ग्रंथाचे.

बारा वर्षांबद्दल विचारणाऱ्या त्या मुलीने पोथ्यांचे दोन-तीन अध्याय माझ्याकडून वाचायला नेले. महिन्याभराने तिने स्वतःची एक ओवी आणून दिली. 'नाळे बन्नि' म्हणजे कन्नडमध्ये 'उद्या या'. कचेरीत हे शब्द आम्ही सर्वांनी ऐकलेले आहेत.

तंव कारकून बोले वचन । 'नाळे बन्नि' महामंत्र जाण ।
जो जपे तयासी दर्शन । उद्यां घडे ॥

मी ती शेवटी लिहून घेऊ लागलो, तर तिने मला थांबविले. फलश्रुतीच्या पुढे काही येत नसते, म्हणाली. म्हणून ती आता तिसरी आहे.