हेल्पर पाहिजे

चाकण, रांजणगाव, बुटीबोरी, कुठल्याही एमआयडीसीच्या फाट्यावर विजेच्या खांबाला एक कागद चिकटवलेला असतोच. ‘हेल्पर पाहिजेत. शिक्षणाची अट नाही. राहण्याची सोय.’ ‘हेल्पर’ हा इंग्रजी शब्द आपल्याकडे पुरता रुळला आहे. पण शिक्षणाची अट नाही म्हणजे अंगात काही नसलं तरी चालेल, असं जे त्यातून सुचवलं जातं, ते मला कधीच पटलेलं नाही.

महामार्गावरच्या एखाद्या गॅरेजात घटकाभर थांबून बघावं. मिस्त्री ट्रकखाली उताणा, बाहेर नुसते पाय दिसतात. मध्येच एक हात बाहेर येतो, तळवा उघडा, आणि त्याने काही मागायच्या आत त्यावर सोळा-सतराचा पाना येऊन पडतो. ऑइल सुटायच्या आधी डबा खाली सरकलेला असतो. काढलेले बोल्ट डिझेलच्या थाळीत निघाले त्याच क्रमाने मांडून ठेवलेले, म्हणजे बसवताना शोधाशोध नको. हे सगळं करणारं पोरगं सोळा-सतरा वर्षांचं, कोपरापर्यंत काळं झालेलं. वाकून ट्रकखाली बघताना त्याचे डोळे मिस्त्रीच्या खांद्यावर असतात. खांदा कसा वळतो त्यावरून पुढे काय लागणार ते त्याला कळतं. दुसऱ्याच्या कामाचा असा अंदाज येणं मला फार मोठी विद्या वाटते.

कसाऱ्याच्या चढावर भरलेली गाडी बंद पडली की पहिली उडी क्लीनरची. ड्रायव्हरचा पाय ब्रेकवर, आणि गाडी मागे सरकायच्या आत मागच्या चाकाला लाकडी ठोकळा लागलेला असायला हवा. तिथे चूक झाली तर दुरुस्त करायला वेळ मिळत नाही.

तरी कागदोपत्री हे सगळे बहुतेक अकुशल. 1948 च्या किमान वेतन कायद्याखाली जे दर ठरत आले, त्यांत कुशल, अर्धकुशल, अकुशल अशा पायऱ्या आहेत आणि हेल्पर सहसा सगळ्यांत खालच्या पायरीवर सापडतो. बिगाऱ्याचं तर नावच वेठबिगारीतून आलेलं. गवंड्याने ‘माल’ म्हणून हाक मारावी आणि घमेलं हजर असावं, पण भिंत कुणी बांधली म्हणून विचारलं तर नाव गवंड्याचं. त्यातल्या त्यात मराठी सिनेमाच्या सेटवरची रीत मला आवडते. तिथे स्पॉटबॉयला ‘स्पॉटदादा’ म्हणतात, वयाने लहान असला तरी. दादा म्हटलं की चहा मागतानाही आवाज आपोआप खाली येतो.

माझा जीव सगळ्यांत जास्त अडकतो तो अंगणवाडीच्या मदतनीस बाईंपाशी. 2 ऑक्टोबर 1975 रोजी एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली, तेव्हापासून सेविकेच्या जोडीला ही बाई आहे. सकाळी खोली झाडायची, सतरंजी अंथरायची, पाणी भरायचं, मग वस्तीत फिरून पोरं गोळा करायची. एक कडेवर, एक बोटाला, आणि तिसऱ्याची समजूत काढत चालायचं. खिचडी वाढताना कोण नुसतं चिवडतंय ते तिला दिसतं. पोराचा हात हातात घेतला की ‘ताई, याचं अंग गरम लागतंय’ असं तीच पहिल्यांदा सेविकेला सांगते.

तिला मिळतं ते मानधन. वर्षानुवर्षं राबलेल्या बाईला निवृत्त होताना हाती काय मिळणार, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि एप्रिल 2022 मध्ये न्यायालयाने सांगितलं की अंगणवाडी सेविका आणि मदतनीस 1972 च्या कायद्याप्रमाणे ग्रॅच्युइटीला पात्र आहेत. फार मोठी गोष्ट झाली ती. पण दरमहाच्या कागदावर ‘पगार’ हा शब्द यायचा आहे. त्यासाठी या बाया गावोगावहून एसटीने मुंबईला येतात, आझाद मैदानात उन्हात बसतात. त्यांची मागणी मला सोळा आणे रास्त वाटते.