कालवाला ठुमरी बांधता येते का?

प्लेटोचा ‘फिलेबस’ वाचलाय का कुणी? नसेल तर आजच घ्या वाचायला! मी लखनौला आलमबागेत राहतो. तो संवाद हाती आल्यापासून दिसेल त्याला तेच सांगत सुटलोय.

वाद साधा. फिलेबस म्हणतो, सुख हेच माणसाचं भलं. सॉक्रेटिस म्हणतो, बुद्धी त्याहून थोर. मला वाटलं, आता संयमाचं प्रवचन ऐकावं लागणार. छे! फिलेबसची बाजू लढवणाऱ्या प्रोटार्कसला सॉक्रेटिस विचारतो: जन्मभर सुखच सुख मिळालं, पण स्मृती नाही, बुद्धी नाही, तर? काल आनंद झाला हे आठवणार नाही, उद्या होईल हे सुचणार नाही, आत्ता होतोय हेसुद्धा कळणार नाही. हे तर कालवाचं जिणं! प्रोटार्कस गप्पच होतो. पण लगेच उलटाही सवाल येतो: ज्ञान सगळं आहे, सुखदुःखाचा स्पर्श मात्र नाही, असं आयुष्य तरी कोण मागून घेईल? म्हणजे दोन्ही हवीत, आणि खरी मेख प्रमाणात!

आलमबागेत हे वाचताना अंगावर काटा येतो हो! ही बाग अवधचा नवाब वाजिद अली शाहची. तो ऐषआरामात बुडालाय, राज्य बघत नाही, असा ठपका ठेवून इंग्रजांनी 1856 मध्ये अवध घेतलं. पण त्यानंच ठुमऱ्या रचल्या, कथक जोपासलं. हे नुसतं सुख कसं? लय अंगात मुरल्याशिवाय, मात्रांचा हिशेब डोक्यात असल्याशिवाय ठुमरी बांधता येते?

आणि पुढचं तर ऐकाच. कैसरबागेत त्याच्या परीखान्यात गाणं-नाचणं शिकवलं जाई. त्याच वास्तूत पुढे आपल्या पंडित विष्णू नारायण भातखंड्यांनी 1926 मध्ये लखनौत उभं केलेलं संगीत विद्यालय नांदलं! मुंबईचा हा वकील उस्तादांकडून चिजा मिळवत हिंडला आणि रागांची त्यानं दहा थाटांत मांडणी केली. ‘फिलेबस’मधला सॉक्रेटिस नेमकं हेच मागतो: स्वर वरचा की खालचा एवढं कळून भागत नाही, स्वरांमधली अंतरं किती, कोणती, त्यांतून कोणत्या रचना होतात, हे ज्याला उमगलं तो संगीतज्ञ.

संवादाच्या शेवटी भल्या गोष्टींची क्रमवारी लागते. पहिलं प्रमाण, दुसरं सौष्ठव, तिसरी बुद्धी, चौथ्या विद्या आणि कला, पाचवी निर्मळ सुखं: शुद्ध रंग, सूर, शिकण्याचा आनंद. बुद्धीलाही पहिला मान नाही! शिकण्याचा आनंद पाचवा, हे मात्र मला साफ नामंजूर आहे. ॲरिस्टॉटलनं ‘निकोमाखियन एथिक्स’च्या दहाव्या भागात सुखाचा प्रश्न पुन्हा हाती घेतलाय; आज रात्री तेच वाचणार.