श्वासद्वारापाशी

सापाच्या फुप्फुसातला स्राव त्याच्या तोंडाला न शिवू देता बाहेर काढणे, या एका गोष्टीवर मी माझ्या व्यवसायातील उमेदीचा बराच भाग खर्च केला. आणि आता उजव्या अंगठ्यात कंप शिरल्यामुळे ते काम माझ्या विद्यार्थिनीच्या स्वाधीन करावे लागत असताना, त्या खर्चाचा हिशेब एकदा मांडून पाहावा असे मनात येते.

गेल्या पौषात आमच्याकडे आलेला बोआ दोन मीटरांहून लांब होता. दक्षिण अमेरिकेतल्या उष्ण अरण्यांत ज्याचे कूळ, असा तो जीव पुण्यातल्या एका सदनिकेत काचेच्या पेटीत वाढला होता. त्याने मान वर उचलून धरली होती, श्वास सोडताना बारीक शीळ उमटत होती आणि जबडा उघडताच श्वासद्वाराच्या कडेला फेस दिसत होता. नुसती शीळ असती तर नाकपुडीत कात अडकल्याचा संशय घेता आला असता. उचललेल्या मानेने आणि फेसाने त्या संशयाला जागा ठेवली नाही. पौषातल्या रात्री पुण्याचा पारा दहा-बारा अंशांवर उतरतो. पेटीतला उष्णतेचा दिवा बंद पडला होता आणि नवा बसवण्यास विलंब झाला होता, एवढे मालकाच्या तोंडून कळले. बाकीचे फुप्फुसालाच विचारायचे होते.

सापाला मध्यपटल नसल्याने खोकून घसा मोकळा करण्याची सोय त्याला निसर्गाने दिलेली नाही. त्याच्या देहातला पू सस्तन प्राण्यांच्या पुवाप्रमाणे पातळ होत नाही, चक्क्यासारखा घट्ट होऊन जागच्या जागी साचतो. आणि लांबट फुप्फुसाचा मागचा भाग तर जवळजवळ हवेची पिशवीच असल्यामुळे, रक्तावाटे जाणारे औषध तेथवर पुरेसे पोहोचत नाही. अशा रोग्याच्या फुप्फुसात सलाईन सोडून ते परत ओढण्याचा विधी आमच्यातल्या प्रत्येकास पाठ असतो, म्हणून त्याचा तपशील देत नाही. माझा सारा झगडा त्या विधीच्या पहिल्या क्षणाशी आहे.

सापाचे श्वासद्वार जिभेच्या म्यानामागे, तोंडाच्या तळाशी इतके पुढे असते की ते दिसण्यात नवख्यालाही अडचण पडू नये. अडचण आहे ती ते उघडण्याची. स्वस्थ बसलेला साप एक श्वास घेतो आणि दार मिटून घेतो. मग पुढचा श्वास केव्हा येईल हे त्याचे त्याने ठरवायचे असते. मिटलेल्या दारावर नळी टेकवून वाट पाहावी, तर सुजलेली नाजूक त्वचा दुखावते आणि नळीचे टोक लाळेत भिजते. प्राण्याला डिवचून फूत्कार करायला लावावे, तर दार पुष्कळ वेळ उघडे राहते हे खरे, आणि कित्येकजण तसे करतातही. परंतु ज्याला एकेक श्वास महाग झाला आहे त्याचा श्वास आपल्या सोयीसाठी उधळायचा, हे मला कधी मान्य झाले नाही, आणि शिवाय रागाने झटकलेले डोके नळीला टाळूवर नेऊन आदळतेच. म्हणून टोक दारापासून अर्ध्या बोटाच्या अंतरावर अधांतरी धरायचे, मदतनिसांनी देह सैल तोलून धरायचा, आणि दार उघडण्याच्या त्या निमिषात, कडेला स्पर्श न होता, मधोमध आत जायचे. हात स्थिर असेल तर हे साधते. नसेल तर नाही.

स्पर्शाचे एवढे सोवळे कशासाठी, असे सामान्य वाचकास वाटेल. निरोगी सापाच्या तोंडातसुद्धा स्यूडोमोनास, एरोमोनास, क्लेब्सिएला यांसारखे जंतू सुखाने नांदत असतात. आणि फुप्फुसदाहाचे नेहमीचे गुन्हेगारही हेच. तोंडाला शिवून आलेल्या नमुन्यात हे जंतू वाढले तर ते फुप्फुसातले की मुखातले, हे प्रयोगशाळेतला कोणताही विद्वान सांगू शकत नाही. अहवाल येतो, त्यावर शिक्का असतो, औषधांची यादीही असते, आणि तो सगळा दस्तऐवज एका लाळेच्या थेंबाची साक्ष असतो.

या बाबतीत माझ्या मनात अहंकार होता आणि तो मी जोपासला, हे येथे नमूद करणे प्राप्त आहे. ज्या अहवालात एकच जंतू शुद्ध स्वरूपात वाढलेला असे, तो मी टेबलावर इतरांच्या नजरेस पडेल असा ठेवीत असे. कोणी परगावचे पशुवैद्यक आले की बोलण्याचा ओघ तिकडे वळवीत असे. रोगी बरा झाल्याच्या आनंदापेक्षा नळी कोरडी आत गेल्याचा आनंद कित्येकदा मोठा होता. माझ्या हातासारखा हात या भागात दुसऱ्या कोणाचा नाही, असे लोक म्हणत; मला ते ऐकायला आवडे आणि आजही आवडते.

म्हणूनच कदाचित, कापसाचा बोळा तोंडात फिरवून तोच ‘श्वसनमार्गाचा नमुना’ म्हणून धाडणाऱ्यांविषयी माझ्या मनात क्षमा नाही. आणि प्राणी डोळ्यांनी न पाहता दूरध्वनीवर एन्रोफ्लॉक्सॅसिनच्या सुया सांगणाऱ्यांविषयी तर मुळीच नाही. या औषधाच्या सुईने स्नायू सडून गेलेले, कातडीवर काळे व्रण पडलेले साप मी पुष्कळ पाहिले. माझ्या तरुणपणी जेंटामायसिनचा असाच सुळसुळाट होता. त्याने फुप्फुसे वाचली असतील-नसतील, मूत्रपिंडे मात्र निकामी केली. औषधे बदलली, घाई बदलली नाही. विक्रेत्यांचे तर बोलायलाच नको: गळ्यात साप घालून छायाचित्र काढण्याची हौस ते विकतात, त्याच्या पेटीत तापमापक हवा, एक कोपरा उबदार आणि दुसरा थंड हवा, एवढे सांगण्याचीही तसदी घेत नाहीत.

उपचाराला होणाऱ्या विलंबाचे आणखी एक कारण कागदपत्रांत आहे. आपल्याकडचा अजगर घरात बाळगण्यास 1972 च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने मुभाच नाही. तो आमच्यापर्यंत येतो तो वनखात्यामार्फत, जखमी होऊन. परदेशी जातींची गोष्ट निराळी. 2022 च्या दुरुस्तीने आणि 2024 च्या नियमांनी आंतरराष्ट्रीय करारात समाविष्ट असलेल्या परदेशी प्राण्यांच्या ताब्याची नोंदणी बंधनकारक केली, बोआ त्यांतलाच. कायदा योग्य आहे असे माझे मत आहे. परंतु ज्यांनी नोंद केली नाही ते भीतीने प्राणी दडवून ठेवतात, घरच्या घरी वाफ देत बसतात, आणि तोंडातून पू ओघळू लागल्यावर रात्रीच्या अंधारात दवाखान्याचे दार ठोठावतात.

माझ्या अभिमानाला खरा धक्का दिला तो उष्णतेने. 1975 साली अमेरिकेत क्लुगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वाळवंटी इग्वाना सरड्यांना एरोमोनासची बाधा करून त्यांना निरनिराळ्या तापमानांत ठेवले. अधिक उबेत ठेवलेल्यांपैकी कितीतरी अधिक जगले, थंड ठेवलेल्यांपैकी बहुतेक मेले. म्हणजे सरपटणाऱ्या प्राण्याला ताप आतून येत नाही, तो उबेच्या जागी जाऊन अंगावर घ्यावा लागतो. आणि ती जागाच आपण हिरावून घेतली तर त्याची प्रतिकारशक्ती पांगळी होते. सेफ्टाझिडिमची मात्रादेखील, किलोस 20 मिलिग्रॅम, दर 72 तासांनी, ही सुमारे 30 अंशांवर ठेवलेल्या सापांवरूनच बसवलेली आहे. तेव्हा माझ्या नळीपेक्षा मालकाने वेळेवर बसवलेला दिवा अधिक जीव वाचवतो, हे मी जाणतो. जाणूनही नळीवरचे माझे प्रेम कमी झाले नाही. कारण प्रत्येक रोग उबेने हटत नाही. बोआच्या फुप्फुसदाहामागे कधी कधी अंतर्वेशी-पिंड रोग दडलेला असतो, ज्याचा एरिनाव्हायरसशी असलेला संबंध 2012 मध्ये उजेडात आला. अजगरांत 2014 पासून नायडोव्हायरसची भर पडली. यांवर औषध नाही. समोरचा रोगी बरा होणारा आहे की त्याला इतर सापांपासून कायमचे दूर ठेवायचे आहे, हे नावानिशी कळल्याखेरीज मालकाला मी काय सांगावे?

या बोआच्या वेळी अंगठा ऐकेना. विद्यार्थिनी पुढे झाली आणि म्हणाली, “सर, आधी एक निर्जंतुक रुंद नळी श्वासनलिकेत बसवू या, कॅथेटर तिच्या आतून जाईल, तोंडाशी त्याचा संबंधच येणार नाही.” नळीत नळी! ही युक्ती मला ठाऊक नव्हती असे नाही. पुस्तकांत ती होतीच, आणि ज्यांचा हात स्थिर नाही त्यांची ती कुबडी, असे मी वर्गात म्हणत आलो होतो. तिने हलकी भूल सुचवली. पुवाने भरलेल्या फुप्फुसाला भूल देण्यास मी ठाम नकार दिला, आणि तो तिने मानला. जबड्यात रबरी पट्टी धरून मी बसलो. तिने टोक दारापुढे अधांतरी धरले आणि थांबली. बोआने श्वास घेतला; ती गेली नाही. दुसरा घेतला, तरीही नाही. तिसऱ्या श्वासाला रुंद नळी मधोमध आत गेली, आणि मग तिच्यातून कॅथेटर.

अहवालात केवळ स्यूडोमोनास आला. रक्ताच्या काचपट्टीवर अंतर्वेशी पिंड आढळले नाहीत. सेफ्टाझिडिम, नेब्युलायझर आणि मालकाने डोळ्यांत तेल घालून सांभाळलेले तापमान, यांनी बोआ बरा झाला. तो शुद्ध अहवाल तिच्या नावाने दप्तरी लागला तेव्हा मला मत्सर वाटला, आणि तो अद्याप पुरता गेलेला नाही. तिची रीत माझ्या रीतीपेक्षा सुरक्षित आहे, तिच्यात हाताच्या नशिबावर कमी सोपवलेले आहे, आणि आमच्या दवाखान्यात यापुढे तीच चालेल, असा निर्णय मी दिला आहे.

एका गोष्टीत मात्र रीत कोणतीही असो, माझे मत बदललेले नाही. नळीचे टोक तोंडाला शिवले असेल, किंवा शिवल्याची नुसती शंका असेल, तर तो नमुना ओतून द्यावा, प्राण्याला उबेत विसावा द्यावा आणि दुसऱ्या दिवशी नवा नमुना घ्यावा. याबाबत मी कोणालाही सवलत दिली नाही, आणि देणार नाही.