दर तीस दिवसांनी

संगणकाला खरा धोका तो वापरणाऱ्या माणसाचाच असतो, असं मी कित्येक वर्षं धरून चाललो. भोकरमधल्या आणि आसपासच्या गावांतल्या पतसंस्था, सेवा केंद्रं, आडत दुकानं यांचे संगणक मी सांभाळतो. सगळीकडे माझा एकच कायदा होता: पासवर्ड दर तीस दिवसांनी बदलायचा, त्यात मोठं अक्षर, आकडा आणि चिन्ह हवंच, आणि तो कुठंही लिहून ठेवायचा नाही. मॉनिटरला चिकटवलेली चिठ्ठी दिसली की मी ती सगळ्यांसमोर फाडायचो. शिस्तीच्या नावाखाली मी माणसांना कमी लेखत होतो.

कुणी कुरकुर केली की मी कॉसमॉस बँकेचं नाव काढायचो. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या या बँकेतून ९४ कोटींहून जास्त रुपये चोरीला गेले, मग तुमच्या पतसंस्थेचं काय, असं विचारलं की पुढे कुणी बोलत नसे.

एका वर्षी पीक विम्याचे अर्ज भरायची मुदत संपत आली होती. एका सेवा केंद्रात दारापर्यंत रांग, आणि ऑपरेटर ताईंचं खातं लॉक झालेलं. मी गेलो तो रागातच. पासवर्ड लक्षात ठेवता येत नाही का, असं विचारलं. त्या शांतपणे म्हणाल्या, "सर, तुम्ही म्हणले तसंच करते की. गावाचं नाव, पुढं ॲट, पुढं महिना. सहा टाकू का सात, तेवढंच कळंना झालं."

रांगेतल्या सगळ्यांनी ते ऐकलं. मला राग यायला हवा होता, पण आली ती लाज. त्या माझा नियम मोडत नव्हत्या. मोठं अक्षर होतं, चिन्ह होतं, आकडा दर महिन्याला बदलत होता. सगळं काटेकोर पाळून जे तयार झालं होतं, ते शाळकरी पोरानंही ओळखलं असतं. पुढे इतर ठिकाणी विचारत गेलो, तर बहुतेकांची रीत हीच. इतकी माणसं एकसारखीच निष्काळजी कशी असतील? मग दोष नियमातच नसेल का? हा प्रश्न मी स्वतःला कधी विचारलाच नव्हता.

शोधलं तेव्हा उत्तर तयारच होतं. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेसाठी २००३ मध्ये असा सल्ला लिहिणाऱ्या बिल बर यांनी २०१७ मध्ये त्याबद्दल उघडपणे खेद व्यक्त केला होता. त्याच वर्षी संस्थेनंही सांगितलं: पासवर्ड लांब असू द्या, चिन्हांची सक्ती नको, आणि तो फुटल्याचा पुरावा असल्याशिवाय बदलायला लावू नका. म्हणजे मी कॉसमॉसची भीती घालायला लागलो, त्याच्या आधीच हा नियम मोडीत निघाला होता. आणि कॉसमॉसमध्ये तरी काय झालं होतं? बँकेच्या यंत्रणेत घुसून एटीएमचे व्यवहार मंजूर करणारा बनावट स्विच उभा केला गेला, आणि २८ देशांतून पैसे निघाले. वाट नेटवर्कमधून होती. मी धाक घालत होतो काउंटरवरच्या बाईला.

मग मी स्वतः बसवलेले राउटर तपासले. कित्येकांचा ॲडमिन पासवर्ड कंपनीतून आलेला, तसाच. गिऱ्हाइकांचे मोबाइल आणि हिशोबाचा संगणक एकाच वायफायवर. हे काम माझं होतं, आणि तेवढंच मी केलं नव्हतं.

आता आधी राउटर. ॲडमिन पासवर्ड बदलतो, बाहेरून सेटिंग उघडण्याची सोय बंद करतो, डब्ल्यूपीएस (बटण किंवा पिननं वायफाय जोडण्याची सोय) बंद करतो, राउटरचं फर्मवेअर, म्हणजे आतलं सॉफ्टवेअर, अद्ययावत करतो, गिऱ्हाइकांसाठी वेगळं गेस्ट नेटवर्क देतो. पासवर्डसाठी एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच शब्द सलग लिहायला सांगतो; प्रत्येक खात्याला वेगळे, आणि सोय असेल तिथे ओटीपीची दुसरी पायरी. घरच्यांची नावं आणि जन्मतारीख मात्र अजूनही चालू देत नाही.

काही सॉफ्टवेअरमध्ये तीस दिवसांची अट आतच बसवलेली असते. ती मला काढता येत नाही. तिथे पासवर्डची एक वही करायला सांगतो आणि ती शिक्क्यांच्या कपाटात, कुलपात ठेवायला लावतो.